विश्लेषण : मुलांच्या शिक्षणासाठी बचत केली, तर प्राप्तिकरात सवलत किती आणि कोणाला?

मार्चअखेर जवळ आली की घाटकोपरच्या पंतनगर, भटवाडी, असल्फा परिसरातील पगारदारांच्या घरी कागदांची शोधाशोध सुरू होते. शाळेच्या फीच्या पावत्या, सुकन्या खात्याचे पासबुक, विम्याच्या हप्त्यांच्या पोचपावत्या एका पिशवीत जमा होतात आणि कार्यालयाच्या पोर्टलवर चढवल्या जातात. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र अनेकांच्या लक्षात आले आहे की, पोर्टल या पावत्या मागतच नाही. नवी करप्रणाली निवडलेली असते, किंवा काहीच न निवडल्यामुळे ती आपोआप लागू झालेली असते. त्यातच न्यू जर्सीत स्थायिक झालेला भाऊ फोनवर सांगतो की, तिकडे मुलांच्या कॉलेजसाठी पैसे बाजूला टाकले की राज्य सरकार करात सूट देते. मग प्रश्न पडतो, आपल्याकडे असे काही आहे का? असेल तर ते कोणाच्या वाट्याला येते?

अमेरिकेतील ती सवलत नेमकी काय?

अमेरिकी करकायद्याच्या ५२९ या कलमावरून ओळखल्या जाणाऱ्या या बचत योजना आहेत. कलम १९९६ मध्ये आले, मात्र कल्पना त्याआधीची. मिशिगन राज्याने १९८६ मध्येच महाविद्यालयाची फी आगाऊ भरून ठेवण्याची योजना काढली होती. प्रत्येक राज्य आपापली योजना चालवते. पालक, आजी-आजोबा किंवा कोणीही मुलाच्या नावे पैसे भरतात, ते बाजारात गुंतवले जातात आणि पुढे शिक्षणासाठी काढले तर त्यावरील वाढीवर कर लागत नाही. शिक्षणाव्यतिरिक्त कारणासाठी काढले, तर नफ्यावर नेहमीचा कर आणि वर १० टक्के दंड.

यातील गंमत अशी की, पैसे भरताना अमेरिकेचे केंद्र सरकार काहीच वजावट देत नाही. ती देतात राज्ये, तीही आपापल्या मर्जीने. न्यूयॉर्कमध्ये एकट्या करदात्याला वर्षाला ५ हजार आणि पती-पत्नीला एकत्रित १० हजार डॉलरपर्यंत वजावट मिळते. न्यू जर्सीत ती बरीच वर्षे नव्हती. २०२२ पासून तेथे १० हजार डॉलरपर्यंतची वजावट सुरू झाली, पण कुटुंबाचे उत्पन्न २ लाख डॉलरच्या आत असेल आणि पैसे न्यू जर्सीच्याच योजनेत भरलेले असतील तरच. साडेपाच टक्के राज्यकर भरणाऱ्या कुटुंबाची त्यातून वर्षाला साधारण साडेपाचशे डॉलरची बचत होते. कॅलिफोर्नियात अशी वजावट नाही. टेक्सासमध्ये तर वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा करच नाही, त्यामुळे वजावटीचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणजे एडिसनच्या भावाला मिळणारी सवलत ह्यूस्टनच्या बहिणीला मिळत नाही. ‘अमेरिकेत सगळ्यांना मिळते’ हे खरे नाही.

महाराष्ट्र सरकार अशी सवलत का देत नाही?

कारण तो अधिकारच राज्याकडे नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात कर वाटून दिलेले आहेत. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राच्या सूचीत, तर शेती उत्पन्नावरील कर राज्याच्या सूचीत आहे. त्यामुळे घाटकोपरमधील नोकरदार प्राप्तिकर भरतो तो केंद्राला. त्यातील वाटा वित्त आयोगाच्या सूत्राने राज्याकडे येतो, पण सवलत कोणाला द्यायची हे मुंबईत ठरत नाही.

राज्य पगारातून घेते तो व्यवसाय कर. १९७५ च्या राज्य कायद्यानुसार आकारला जाणारा हा कर घटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांवर बांधून ठेवला आहे. महाराष्ट्रात दहा हजारांवर मासिक वेतन असलेल्या पुरुषाच्या पगारातून अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ते हेच. महिलांना एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजार रुपयांपर्यंतच्या वेतनावर तो माफ आहे. एवढ्याशा करात शिक्षणासाठी सूट देऊन द्यायची ती किती?

म्हणून राज्याची मदत करसवलतीच्या वाटेने न येता थेट येते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांतील मुलींसाठीची ‘लेक लाडकी’ योजना हे त्याचे उदाहरण. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५ हजार, पहिलीत ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५ हजार असे एकूण १ लाख १ हजार रुपये मिळतात. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा शुल्कमाफीही आहे. करसवलत फक्त कर भरणाऱ्याला उपयोगी पडते. अशी थेट मदत कर न भरणाऱ्या घरापर्यंतही पोहोचते, हा फरक लहान नाही.

केंद्राच्या कायद्यात शिक्षणासाठी काय आहे?

५२९ सारखी खास शिक्षणाची म्हणून एकच योजना भारतात नाही. प्राप्तिकर कायद्याच्या ‘८०सी’ कलमात अनेक गोष्टी एकत्र बांधल्या आहेत आणि त्यातच शिक्षणही आहे. दोन मुलांपर्यंतची ट्युशन फी, सुकन्या समृद्धी खाते, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीपीएफ, आयुर्विम्याचा हप्ता, करबचतीचे म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधीतील स्वतःचा वाटा, गृहकर्जाच्या मुद्दलाची परतफेड या सगळ्यांना मिळून वर्षाला दीड लाख रुपये.

हे कलम २००५ च्या अर्थसंकल्पाने आणले तेव्हा मर्यादा एक लाख होती. जुलै २०१४ मध्ये ती दीड लाख झाली. त्यानंतर ती हललेली नाही. या काळात मुंबईतील शाळांची फी कुठून कुठे गेली, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

त्याखेरीज ‘८०ई’ कलमात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आहे. पगारात ‘मुलांचा शिक्षण भत्ता’ असेल, तर त्यातील दरमहा दरडोई १०० रुपये, दोन मुलांपर्यंत, २०२५-२६ या वर्षासाठी करमुक्त आहेत. शंभर रुपये! घाटकोपर स्थानकाबाहेर दोन वह्या आणि एक पेन घेतले की ते संपतात.

‘ट्युशन फी’ म्हणजे नेमके काय?

मुंबईत ‘ट्युशन’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो क्लास. महात्मा गांधी रोडवर आणि स्थानकाच्या दोन्ही बाजूंना दहावी-बारावी, जेईई, नीट, सीए फाउंडेशनच्या क्लासचे फलक एकाला एक लागून असतात. अनेक घरांत वर्षाचा सर्वांत मोठा शैक्षणिक खर्च हाच असतो. कायद्यातील ‘ट्युशन फी’ मात्र वेगळी. ती म्हणजे भारतातील शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ किंवा अन्य शिक्षणसंस्थेला पूर्णवेळ शिक्षणासाठी दिलेले शिकवणी शुल्क. क्लासचे लाख-दीड लाख रुपये त्यात बसत नाहीत. एकाच शब्दाच्या दोन अर्थांमुळे दरवर्षी कितीतरी जण क्लासची पावती जोडतात आणि ती परत येते.

शाळेची पावतीही पूर्ण चालत नाही. विकास निधी आणि देणगी कायद्यानेच वगळली आहे. बस, वसतिगृह, खानावळ, गणवेश, उशिरा भरल्याचा दंड हेही शिकवणी शुल्क नव्हे. त्यामुळे ८० हजारांच्या पावतीत शिकवणी शुल्काचा रकाना ४५ हजारांचा असेल, तर वजावट ४५ हजारांचीच. शाळेने सगळे मिळून एकच आकडा लिहिला असेल, तर शुल्काची फोड केलेले पत्र मागून घ्यावे. बालवाडी आणि नर्सरीची फी मात्र चालते, हे अनेकांना ठाऊक नसते.

वजावट मिळते ती फी भरलेल्या वर्षात. जूनपासून सुरू होणाऱ्या वर्षाचा पहिला हप्ता मार्चमध्ये भरला तर तो या आर्थिक वर्षात धरला जाईल, एप्रिलमध्ये भरला तर पुढच्या. दोन मुलांची मर्यादा प्रत्येक पालकाला स्वतंत्र आहे. आई-वडील दोघेही कमावते असतील, तर एकाने एका मुलाची आणि दुसऱ्याने दुसऱ्याची फी भरून वेगवेगळी वजावट घेता येते. एकच पावती दोघांनी दाखवता येत नाही. आजोबांनी नातवाची फी भरली, तर आजोबांना वजावट नाही, कारण कलमात ‘मुले’ म्हटले आहे, नातवंडे नाहीत. आजोबांना मदत करायचीच असेल, तर त्यांनी मुलाला किंवा मुलीला रक्कम भेट द्यावी. जवळच्या नातेवाइकाकडून आलेली भेट करपात्र नसते. फी मग पालकाच्या खात्यातून जावी.

मूल परदेशात शिकत असेल तर तेथील विद्यापीठाची फी ‘८०सी’ मध्ये बसत नाही. विद्याविहारच्या सोमय्याची किंवा घाटकोपरच्या झुनझुनवाला महाविद्यालयाची फी बसते, मिशिगनची नाही.

दीड लाखात शिक्षणाला जागा उरते का?

बहुतेक पगारदारांच्या बाबतीत फारशी नाही. महिना ६० हजार रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याचे उदाहरण घेतले, तर भविष्य निर्वाह निधीत १२ टक्क्यांप्रमाणे त्याचा स्वतःचा वर्षाचा वाटा ८६,४०० रुपये होतो. उरले ६३,६००. त्यात एक जुनी विमा पॉलिसी आणि गृहकर्जाच्या मुद्दलाचे काही हप्ते आले की मर्यादा भरली. शाळेची पावती आणि सुकन्याचे पासबुक त्यानंतर कितीही मोठ्या रकमेचे असले तरी करात एक रुपयाचाही फरक पडत नाही. अमेरिकेतील राज्ये निदान शिक्षणासाठी वेगळा कप्पा ठेवतात. आपल्याकडे निवृत्ती, घर, विमा आणि शिक्षण यांना एकाच पिशवीत दाटीवाटीने बसवले आहे आणि पिशवीचे तोंड सर्वांत आधी भविष्य निर्वाह निधी अडवतो.

पूर्ण दीड लाखाची वजावट मिळालीच, तर तिची किंमत करदात्याच्या टप्प्यावर ठरते. जुन्या प्रणालीत ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ४६,८०० रुपये, २० टक्क्यांच्या टप्प्यात ३१,२०० आणि ५ टक्क्यांच्या टप्प्यात फक्त ७,८०० रुपये. ज्याचे उत्पन्न कमी त्याची बचतही कमी. वजावटीच्या रचनेतच हा कल आहे.

नव्या करप्रणालीने काय बदलले?

जवळजवळ सगळेच. २०२० च्या अर्थसंकल्पात ती पर्याय म्हणून आली आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होणारी प्रणाली झाली. दर कमी, पण ‘८०सी’, ‘८०ई’, घरभाडे भत्ता यांपैकी काही नाही. २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत कर नाही, त्यानंतर दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ आणि २४ लाखांवर ३० टक्के असे दर आहेत. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्याच्यासाठी ही रेषा १२ लाख ७५ हजारांवर येते.

पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत राहणारे एक कल्पित कुटुंब घेऊ. पतीचा वार्षिक पगार ११ लाख. नव्या प्रणालीत त्याचा कर शून्य. जुन्या प्रणालीत ५० हजारांची प्रमाणित वजावट, अडीच हजारांचा व्यवसाय कर आणि ‘८०सी’चे पूर्ण दीड लाख वजा करूनही ८ लाख ९७ हजार ५०० रुपये करपात्र राहतात आणि उपकरासह ९५,६८० रुपये कर होतो. त्याने शाळेच्या पावत्या जपून ठेवल्या काय आणि रद्दीत टाकल्या काय, करापुरता काहीच फरक नाही.

पत्नीचा पगार १८ लाख. नव्या प्रणालीत तिचा कर १,५०,८०० रुपये. जुन्या प्रणालीत फक्त ‘८०सी’चे दीड लाख दाखवले, तर ३,०३,४२० रुपये, म्हणजे दुपटीहून थोडा अधिक. जुनी प्रणाली तिला परवडायची असेल, तर प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून सुमारे ६ लाख ३९ हजारांच्या वजावटी जमवाव्या लागतील. समजा, कुटुंब भाड्याने राहते आणि तिच्या घरभाडे भत्त्यातील ३ लाख करमुक्त आहेत. ‘८०सी’चे दीड लाख, आरोग्यविम्याचे २५ हजार, राष्ट्रीय पेन्शन योजनेचे ५० हजार. बेरीज ५ लाख २५ हजार. तरीही कमीच. यात मोठ्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाचे १ लाख २० हजार रुपये व्याज घातले की जुनी प्रणाली पुढे सरकते आणि कर होतो १,४८,९८० रुपये. एवढा खटाटोप करून बचत १,८२० रुपयांची.

हे गणित प्रत्येकाने आपल्या आकड्यांनी करून पाहिले पाहिजे. मोठे गृहकर्ज, मोठा घरभाडे भत्ता आणि शैक्षणिक कर्ज यांपैकी किमान दोन गोष्टी असतील तरच जुन्या प्रणालीचा विचार करण्यात अर्थ आहे, हे मात्र ढोबळपणे म्हणता येईल. ज्याच्याकडे फक्त शाळेची फी आणि सुकन्या खाते आहे, त्याच्यासाठी प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे.

सरकारची भूमिका अशी की, करदात्याच्या हाती पैसा ठेवावा आणि तो कुठे ठेवायचा हे त्यानेच ठरवावे. हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण दरवर्षी मार्चमध्ये कर वाचवण्याच्या धाकाने का होईना, मुलीच्या खात्यात पैसे पडत होते, हेही खरे. तो धाक गेला. त्याची जागा घेणारे दुसरे काही आलेले नाही.

मग सुकन्या खाते सुरू ठेवावे का?

ठेवावे. इथे एक गैरसमज पसरलेला आहे. नव्या प्रणालीत सुकन्या खात्यात भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही, पण त्यावरील व्याज आणि मुदतीनंतरची रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्तच आहेत. पीपीएफचेही तसेच. सवलतीचे तीन भाग धरले, तर गेला तो पहिला, उरलेले दोन शाबूत आहेत. आणि दीर्घ मुदतीत खरी कमाई त्या दोनांतच असते.

सुकन्या योजना २२ जानेवारी २०१५ रोजी हरियाणातील पानिपत येथून सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी टपाल कार्यालयात किंवा बँकेत खाते उघडता येते. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये, तेही १५ वर्षे भरायचे, खाते पूर्ण होते उघडल्यापासून २१ वर्षांनी. व्याजदर दर तिमाहीला जाहीर होतो. सुरुवातीला तो ९ टक्क्यांच्या वर होता, जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला आणि २०२५ मध्येही तोच राहिला. हाच दर कायम राहील असे धरले आणि दर एप्रिलच्या सुरुवातीला २४ हजार रुपये भरले, तर २१ वर्षांनी साधारण साडेअकरा लाख रुपये होतात. भरलेले असतात ३ लाख ६० हजार. दीड लाखाप्रमाणे भरणाऱ्याचे साधारण ७२ लाख होतात. दर बदलला की हे आकडे बदलणार, हे एजंट सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितली जात नाही. २१ वर्षे मोजली जातात ती खाते उघडल्यापासून, मुलीच्या जन्मापासून नव्हे. मुलगी सहा वर्षांची असताना उघडलेले खाते ती २७ वर्षांची झाल्यावर पूर्ण होते. अभियांत्रिकीचा प्रवेश तर अठराव्या वर्षी. त्यासाठी सोय आहे. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, आधीच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिल्लक रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत उच्च शिक्षणासाठी काढता येते, एकरकमी किंवा वर्षाला एक याप्रमाणे पाच वर्षांपर्यंत. पण प्रवेशाचा पुरावा किंवा फीची पावती द्यावी लागते आणि प्रत्यक्ष शुल्कापेक्षा अधिक मिळत नाही. त्यामुळे पदवीच्या फीसाठी या खात्यातील अर्धीच रक्कम हाताशी आहे असे धरून नियोजन करावे. उरलेली पदव्युत्तर शिक्षणाला उपयोगी पडेल.

व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिल्लक रकमेवर मोजले जाते. म्हणून वर्षाची रक्कम भरायची असेल, तर ती ५ एप्रिलच्या आत. मार्चअखेर धावतपळत भरणाऱ्याचे जवळपास वर्षभराचे व्याज जाते. वजावट हवी म्हणून लागलेली मार्चची सवय नव्या प्रणालीतल्यांनी तरी आता सोडायला हरकत नाही.

अनिवासी भारतीयांना हे खाते उघडता येत नाही. त्यामुळे न्यू जर्सीच्या भाच्यांसाठी ५२९ आणि घाटकोपरच्या लेकीसाठी सुकन्या.

मुलगा असेल तर?

सुकन्या फक्त मुलींसाठी आहे. मुलासाठी पीपीएफ हा जवळचा पर्याय, एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के दराने, १५ वर्षांच्या मुदतीचा. अज्ञान मुलाच्या नावे एकाच पालकाला खाते उघडता येते आणि पालकाचे स्वतःचे व मुलाचे खाते मिळून वर्षाला दीड लाखांचीच मर्यादा आहे. दोन खाती म्हणजे तीन लाख, असे समजून जास्त रक्कम भरणाऱ्यांना त्या जादा रकमेवर व्याज मिळत नाही.

१८ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेली ‘एनपीएस वात्सल्य’ ही आणखी एक योजना. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तिला ‘८०सीसीडी (१बी)’ या उपकलमातील ५० हजारांच्या वजावटीत घेतले. ती ‘८०सी’च्या दीड लाखांच्या बाहेर आहे हे खरे, पण पालकाचे स्वतःचे पेन्शन योगदान धरून एकूण ५० हजार, आणि तेही जुन्या प्रणालीतच. मुळात ही निवृत्तीची योजना आहे. तीन वर्षांनंतर शिक्षणासाठी योगदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येत असली, तरी कॉलेजच्या फीचा मुख्य आधार म्हणून तिच्याकडे पाहू नये. ‘चाइल्ड प्लॅन’ नावाने विकल्या जाणाऱ्या विमा योजनांत हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर पूर्ण वजावट मिळत नाही, एवढे तपासावे.

मुलाच्या नावे मुदत ठेव ठेवून कर वाचेल, ही जुनी समजूत. अज्ञान मुलाचे व्याज आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. जुन्या प्रणालीत प्रत्येक मुलामागे वर्षाला १,५०० रुपये वगळता येतात, नव्यात तेही नाही.

बचत अपुरी पडली आणि कर्ज घेतले तर?

‘८०ई’ हे शिक्षणासंदर्भातील सर्वांत उदार कलम म्हणावे लागेल. बारावीनंतरच्या कोणत्याही अभ्यासक्रमासाठी, देशात किंवा परदेशात, घेतलेल्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. मुद्दलाची मिळत नाही. कालावधी मात्र आठ वर्षांचा, व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष आणि त्यापुढची सात. शिक्षण सुरू असतानाच थोडेथोडे व्याज भरायला घेतले की घड्याळ तेव्हापासूनच सुरू होते, हे लक्षात ठेवावे. वजावट मिळते ती कर्जदाराला. कर्ज मुलीच्या नावावर असेल आणि हप्ते वडील भरत असतील, तर वडिलांना नाही.

कर्ज बँकेचे किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचे, अथवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे हवे. कार्यालयाच्या पतपेढीतून, मालकाकडून किंवा काकांकडून घेतलेल्या कर्जावर, व्याज कितीही भरले तरी, ही वजावट नाही. मुंबईत पतपेढीचे कर्ज चटकन मिळते म्हणून मुलाच्या प्रवेशासाठी तेच उचलले जाते. जुन्या प्रणालीत राहणाऱ्याने त्याआधी बँकेच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. परदेशी शिक्षणासाठी पैसे पाठवताना आणखी एक फायदा आहे. २०२५-२६ मध्ये वर्षाला १० लाखांवरील रकमेवर स्रोतावर ५ टक्के करसंकलन होते, पण पैसे अशा बँक कर्जातून जात असतील तर ते होत नाही.

प्रणाली कधी आणि कशी बदलता येते?

कार्यालयाला वर्षाच्या सुरुवातीला काय सांगितले यावर सगळे अवलंबून नाही. पगारदाराला विवरणपत्र भरताना दरवर्षी प्रणाली बदलता येते. कार्यालयाने नव्या प्रणालीने कर कापला असला, तरी विवरणपत्रात जुनी निवडून जादा कर परत मागता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत हवे, पगारदारांसाठी ती साधारणपणे ३१ जुलै असते. मुदत चुकली की जुन्या प्रणालीचे दार त्या वर्षापुरते बंद, मग पावत्या कितीही असोत.

घाटकोपरमध्ये दुकानदार, व्यापारी आणि स्वतःचा व्यवसाय करणारे मोठ्या संख्येने आहेत. त्यांना ही मोकळीक नाही. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने ‘१०-आयईए’ हा अर्ज भरून जुनी प्रणाली निवडली आणि पुढे नव्यात परतला, तर व्यवसाय सुरू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. मुलाचे शैक्षणिक कर्ज तीन वर्षांनी सुरू होणार असेल, तर आजचा निर्णय त्या वर्षांचा विचार करून घ्यावा लागेल.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा लागू होतो. ‘८०सी’ आता कलम १२३ आणि पंधराव्या परिशिष्टात दिसेल, ‘८०ई’ कलम १२९ मध्ये. मर्यादा दीड लाखांचीच आहे. जुलैमध्ये भरायचे २०२५-२६ चे विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्यानुसार असेल, त्यामुळे ३१ मार्चपर्यंत भरलेल्या फीच्या पावत्यांवर यंदा जुनेच कलम लिहायचे आहे.